चहाच्या पुड्यातली नटी

कसबा बावड्याच्या वाटेवर एक नवं हॉटेल झालंय. पांढऱ्या रश्श्यात नारळ कमी आणि भिंतींवर जुनं सामान जास्त. मालकाला नाटकातलं ओ की ठो कळत नाही, पण दारातच त्यानं जुन्या नटनट्यांचे फोटो टांगलेत. एके काळी चहाच्या पुड्यात असे फोटो फुकट यायचे. ते जमवायला लोक नको तेवढा चहा ढोसायचे. आता त्यांनाच सोनेरी चौकटी आल्या आणि 'व्हिंटेज' म्हणून बारसंही झालं.

मधोमध एक नऊवारीतला फोटो आहे. नाकात नथ, हनुवटीला बोट. खाली लिहिलंय, 'अनाम नटी'.

ते माझे आजोबा. नाटक कंपनीत बायकांची कामं करायचे. घरी त्यांचा फेट्यातला, मिशीवाला फोटो हार घालून भिंतीवर. नऊवारीतला मात्र ट्रंकेच्या तळाशी असायचा.

मी मालकाला म्हटलं, त्यांचं नाव लिहा. तो म्हणाला, "पावणं, तुमच्याच भावानं दिलाय की फोटू. कोन बाई हाय म्हाईत न्हाय म्हनला."

भावाला जाब विचारला, तर तोच माझ्यावर डाफरला. "पोरीचं लगीन जमवायचं हाय. पैलवानांच्या गावात आजा लुगडं नेसायचा म्हणून सांगत फिरू व्हय?"

फोटो जाळायची छाती नाही आणि घरात ठेवायची लाज. आजोबांच्या गात्या गळ्यानं बांधलेल्या घरात पाय पसरून हा शहाणा त्यांचंच नाव पुसायला निघाला होता. मला त्याची किळस आली.

पण कागलच्या पाहुण्यांनी मुलगी बघायला नेमकं तेच हॉटेल ठरवलं. मुलाची आत्या दारातल्या फोटोपाशी थबकली. मग तिनं वळून माझ्या पुतणीकडे पाहिलं.

"नाक बघा की, हुबेहूब पोरीसारखं. कोन म्हनायची ही?"

भाऊ चपलेकडे बघत राहिला. पुतणीनं लहानपणी ट्रंक उघडून तो फोटो कितीदा तरी पाहिलेला. ती शांतपणे म्हणाली, "आमचं पणजोबा हायती ते."

पाहुण्यांना ती थट्टाच वाटली. सगळे खो खो हसले. आता तरी हा तोंड उघडेल म्हणून मी भावाकडे पाहिलं.

सगळ्यांत मोठ्यानं तोच हसत होता.