पुसलेले पाय

गुड फ्रायडेला आमच्या वसईच्या चर्चमध्ये क्रुसावरच्या येशूच्या पायांचं चुंबन घ्यायला रांग लागते. लाकडी मूर्ती जुनी, अंगठ्यांवरचा रंग ओठांनीच झिजलेला. शेजारी एक गृहस्थ स्पिरिटचा बोळा घेऊन उभे होते. चार-पाच माणसं झाली की ते पाय पुसायचे. माझ्यापुढे बाजारातून थेट आलेली कोळीण होती. ती ओठ टेकवून उठली, तसे त्यांनी नाक मुरडून पाय खसाखसा पुसले. मग नवा बोळा घेऊन पुन्हा पुसले.

"मासळीचा वास ना," ती ओशाळून म्हणाली. "पुसा बाबा, नीट पुसा."

मला त्या गृहस्थांचीच शिसारी आली. आदल्याच संध्याकाळी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, फादरांनी गुडघे टेकून ज्यांचे पाय धुतले, त्यांत हेच गृहस्थ पाय पुढे करून बसले होते.

न दिसणाऱ्या देवाला कुणालाही बिलगता यावं, म्हणून तर मूर्ती घडवायची. आम्ही तिथेही पहारा बसवला.

माझी पाळी आली. मी वाकलो. लाकडाला नुसता स्पिरिटचा दर्प येत होता. तिथे त्या बाईचा मागमूस उरला नव्हता, आणि येशूचाही.