मुळ्याचा रोवणा

धानाची रोपं लावायच्या रोवण्यात आख्ख्या दिघोरी गावात माझा हात धरणारा कोणी नव्हता. म्हणजे आमच्या बांधीत. म्हणजे माय धुऱ्यावर चहा प्यायला बसली असेल तेवढा वेळ!

आता माझी फजिती ऐकाच, पण कप आधी खाली ठेवा. ठसका लागला तर मला बोल लावाल.

मी सहावीत होतो. (सातवीचं विचारू नका.) वर्गात म्हादू नावाचा पोरगा होता. उन्हाळ्यात त्याची आई गेली आणि तेव्हापासून गडी बोलेचना. मी त्याच्या दप्तरात बेडूक सोडला, तरी हूं नाही की चूं नाही! शेवटी गुरुजींनी त्याला शाळेच्या बागेत शेवंताच्या आणि माझ्या जोडीला दिलं. आणि काय हो, हाताला माती लागली तसा पोरगा बोलायला लागला! आधी मुळ्याशी, मग शेवंताशी, आणि शेवटी नाइलाजाने माझ्याशी. मुळा त्यानेच पेरला होता. उगवला त्या दिवशी चक्क हसला.

मग तो तापाने घरी बसला. वाफा आमच्यावर आला.

घरचा रोवणा नुकताच आटोपला होता, माझे हात शिवशिवत होते. मुळा उगवला होता दाट. दाट रोपांचं काय करतात? उपटायची, पेंढ्या बांधायच्या, चिखलात रोवायची! आम्ही धानाशिवाय दुसरं पाहिलं होतं काय? वाफ्याभोवती मातीचा धुरा घातला, बोरिंगच्या बादल्या ओतल्या, चिखल तुडवला आणि सगळा मुळा ओळीत रोवून टाकला. छाती ही अशी फुगलेली!

सकाळी पाहतो तर सगळा मुळा पाण्यावर आडवा. शेवंता कमरेवर हात ठेवून उभी.

"हे काय करून ठेवलास बे?"

"रोवणा केलो."

"मुळ्याचा? तुया बापानं केला होता काय कधी?"

"संध्याकाळपर्यंत उभा होता ना!"

"मेला तो! म्हादू आज येऊन राहिला. पुन्हा मुका झाला तं तू बोलवशील काय त्याले?"

मी काड्या गोळा केल्या. एकेका रोपाला काडीचा टेकू दिला. हे उभं केलं की ते झोपे! गुरुजींची छडी परवडली असती, पण म्हादूची ती खाली घातलेली मान? प्रार्थनेत माझ्या तोंडून शब्द फुटेना. मुका मीच झालो की!

म्हादू आला. वाफ्यापाशी थांबला. नुसता पाहतोय, पाहतोय. ओठ हलत नाहीत. शेवंताचे डोळे भरलेले.

"म्हादू, शिव्या दे गा! मार मले! पण बोल ना!"

त्याने एक लोंबकळणारं रोप उचललं, माझ्या नाकासमोर धरलं आणि असा ओरडला की गुरुजी वर्गातून बाहेर धावले.

"याले लोंब्या आल्या का सांगजो! तांदूळ न्यायले पोतं घेऊन येतो!"