तान्ह्या पोळ्याचं बक्षीस

तान्हा पोळा जवळ आला की इतवारीच्या बाजारात लाकडी बैल मांडतात. त्यांच्या ओल्या रंगाचा वास आला की मी भराभर पुढे निघते. सोबतच्यांना वाटतं, मला गर्दी सोसत नाही.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि कपड्यांतलं आपल्याला सगळं कळतं, ही माझी समजूत तेव्हाही होतीच. धाकटा मुन्ना तीन वर्षांचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात पोरांचे बैल आणि पोशाख पाहून बक्षीस देत, म्हणून मी त्याला धोतर नेसवून, फेटा बांधून, काजळाच्या मिशा काढून शेतकरी केलं. त्याला मात्र बाबांचं जुनं, त्याच्या घोट्यांपर्यंत येणारं बनियनच हवं होतं. तीनदा त्यानं धोतर सोडलं.

"मले बनियन पाह्यजे!"

"काहून रडून राहिला? बक्षीस नाही भेटणार!" म्हणत मी त्याच्या दंडाला करकचून चिमटा घेतला.

मग तो मुकाट्यानं बैलाची दोरी धरून रांगेत उभा राहिला. पहिला नंबर आला, चावीचा टिनचा बेडूक मिळाला. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "पोरगी लय हुशार हाये वं तुमची!"

मुन्नानं बेडूक एकदाच उडवून पाहिला, खुदकन हसला आणि लगेच माझ्यापुढे धरला.

"ताई, तुले घे. आता चिमटा नको घेऊ."

त्याला जवळ घ्यायला हवं होतं. मी कोणी ऐकलं तर नाही ना, एवढं पाहिलं आणि बेडूक घेतला.