खडपाखालचा गोब्रा आणि मालतीबाई

बाईंच्या स्नेहीमंडळींनो, आधी ख्यालीखुशाली विचारतो. मालतीबाईंचे गुडघे कसे आहेत? त्यांच्या यजमानांचा दमा बरा ना? आणि हा लेख मागवणाऱ्या शरयूताई, तुमच्या डोळ्याची पट्टी सुटली का? इकडे गोव्यात, चोपडे गावात, आम्ही सगळे धडधाकट आहोत.

बाईंच्या साठीनिमित्त लिहायला सांगितलंत. मला मासा खाण्यापुरताच ठाऊक. बाकीचा बाईंनी शिकवला, आणि तो अजून पुरता कळलेला नाही.

माशांच्या अभ्यासासाठी पहिल्यांदा बाई फेरीबोटीतून उतरल्या त्या बाल्दी घेऊन. नदीतला लहान गोब्रा आणि समुद्रात खडपाखाली, म्हणजे पाण्यातल्या खडकाखाली, राहणारा मोठा, हे दोन वेगळे मासे असं आम्ही धरून चाललो होतो. बाई म्हणाल्या, मासा एकच. अंगावरचे नारिंगी ठिपके ताजेपणीच बघायचे. मेल्यावर रंग उतरतो नि माणूस फसतो. म्हणून होडी लागली की त्या चिखलातून आधी पोचायच्या.

मग आमच्या ओसरीवर मासे चिरून दाखवीत. लहान ती मादी, थोराड तो नर. माझा धाकटा भाऊ बाबलो म्हणाला, "बाई, बारके सगळे बायलो नि मोठे सगळे दादले? मगे दादल्यांचां बाळपण खंय गेलां?"

"मादीच मोठी होऊन पुढे नर होते, बाबलो."

"म्हणजे आवसच बापूस जाता? दादा, ही बाई आमकां खुळ्यांत काढता."

पुढे भाषेच्या वादात कुणी त्याला 'तू मराठी की कोंकणी' विचारलं, की तो म्हणे, "गोब्र्याक विचार."

बाबलोच्या बायकोला कावीळ झाली तेव्हा बाईंनी तिला स्वतः म्हापशाच्या इस्पितळात पोचवलं. इकडे त्यांचे जमवलेले मासे कुजून गेले. दुसऱ्या दिवशी बाल्दी धुऊन त्या पुन्हा होडीकडे गेल्या.

खडपाखाली एक दांडगा गोब्रा होता. बाबलो त्याच्यावर टपलेला. बाई म्हणाल्या, "तिथला नर तो एकटाच दिसतो. नेलात, तर दुसरी मादी नर होईपर्यंत पिलं कुठून येतील?" बाबलोने गळ गुंडाळला. "बाईंनी माजी बायल राखली, मी त्यांचो मासो राखतंय."

आता गोवा घटकराज्य झालं, बाबलोची लेक सासरी गेली, आणि व्याही पहिल्यांदाच जेवायला येताहेत; त्यांच्या पानात बाबलोला मोठा गोब्रा वाढायचाय. गेल्या पावसाळ्यात तो गोब्रा दिसेनासा झाला होता. आता त्याच खडपाखाली तेवढाच पुन्हा आहे. बाबलो म्हणतो, "शब्द त्या माशाक दिल्लो, ह्याका न्हय." मी म्हणतो, तोच असेल. नसेल तर त्याचीच एखादी बायको आता तो झाली असेल. मग शब्द कुणाला लागू? माझं डोकं चालेनासं झालंय.

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, गुडघे धड होऊन त्या पुन्हा आमच्या चिखलात उतरोत. पण त्याआधी त्यांना एवढं विचारून उत्तर धाडा. व्याही शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, येणार आहेत, आणि पत्र येईपर्यंत गळ टाकणार नाही असं बाबलोने कबूल केलंय. तेव्हा लवकर लिहा.