बंडप्पा आणि तीस फुटांचं भुयार

बंडप्पा विहिरी खणायचा. चाळीस वर्षांत एकशे सात विहिरी. मी त्याच्याबरोबर यारीवर होतो. यारी म्हणजे विहिरीतला दगड-मुरूम वर ओढायची क्रेन. तो खाली, मी वर. आता दोघंही घरी बसलो आहोत. गुडघे त्याचेही गेले, माझेही.

आमच्या अणदूरच्या आसपास काही खणायचं असलं की लोक अजून बंडप्पाला विचारतात. जेसीबीवालासुद्धा विचारतो. बंडप्पा पहार जमिनीवर तीनदा आपटतो, आवाज ऐकतो आणि सांगतो, इतक्या फुटांवर मुरूम, इतक्यावर खडक, काम इतक्या दिवसांचं. तो आकडा चुकलेला मी पाहिलेला नाही. त्याला शेत नाही, घर पत्र्याचं आहे. गावात त्याला मान आहे तो या आकड्यामुळं. जमिनीबद्दल बंडप्पा खोटं बोलत नाही, एवढीच त्याची कमाई.

अशा माणसाला हेरांच्या मालिकेचा नाद लागला.

शिवलिंगप्पाच्या हॉटेलात मोठा टीव्ही आहे. दर शुक्रवारी दुपारी मालिकेचा नवा भाग येतो आणि तिथं वीस-पंचवीस माणसं जमतात. हिरोचं नाव अरिंदम. पहिल्या सीझनमध्ये हा अरिंदम एका दारावर नजर ठेवायला समोरच्या दुकानात अकरा दिवस चपला शिवत बसला होता. बाकीचे कंटाळले. बंडप्पा मात्र म्हणाला, "ह्याला काम म्हणत्यात. अकरा दिवस एका जागी बसून दाखवा की तुमी." तेव्हापासून तो पुढच्या बाकावर.

यंदा तिसरा सीझन आला आणि हॉटेलात दोन तट पडले. शंभू वडापची, म्हणजे गावोगावी शीटं वाहणारी, जीप चालवतो, तिशीतला, तालमीतला गडी. त्याचं म्हणणं, हाच सीझन सगळ्यांत भारी. शिवलिंगप्पाचं म्हणणं, व्हिलन मऊ झालाय, निम्मा वेळ फोनवरच बोलतोय. गजराबाई स्टँडवर भाजी विकते. पूर्वी आमच्याच विहिरींवर माती वाहायची. ती अरिंदमच्या बाजूची, काहीही झालं तरी. "माणूस बायकूला खरं सांगायला लागला, ह्या सीझनात लई सुधारला," असं ती म्हणायची.

पाचव्या भागात अरिंदमला शत्रूनं कोठडीत डांबलं, पहाऱ्याला एक म्हातारा जेलर. त्यानं एक आखूड फावडं मिळवलं, रात्रभरात तीस फूट भुयार खणलं आणि पहाटे भिंतीपलीकडं निघाला. हॉटेलात शिट्ट्या वाजल्या.

बंडप्पा उठून उभा राहिला. "थांबवा."

शंभूनं रिमोट दाबला.

"माती कुठाय?"

"कसली माती, मामा?"

"भुयारातली. तीस फूट लांब, अडीच रुंद, तीन उंच. सव्वादोनशे घनफूट. खणली की माती फुगती. तीन ब्रास धर. तीन ट्रॉल्या माती निघाली, ती कुठं टाकली? त्या कोठडीत टाकली तर ह्यालाच उभं ऱ्हायला जागा न्हाय."

"मामा, ते गुप्तहेर हाय," शंभू म्हणाला.

"ते मातीला काय ठावं?"

सगळे हसले. बंडप्पा हसला नाही. "आन हात बघ त्याचे. एक फोड न्हाय. अकरा दिवस चपला शिवणारा माणूस आसली लबाडी करतो व्हय?"

"तुमाला जमलं न्हाय म्हणून कुणालाच जमत न्हाय का?" शंभू म्हणाला. "मी खणून दावतो."

शिवलिंगप्पानं कान टवकारले. हॉटेलामागं सांडपाण्याला शोषखड्डा हवाच होता आणि मजूर मिळत नव्हता. "माझ्या मागच्या जागेत खण की. दोघांचं भांडण मिटंल."

पैज तिथंच ठरली. रविवारी सकाळी सहा ते बारा शंभूनं एकट्यानं खणायचं. चार बाय चारचा खड्डा, सहा फूट खोल. टोपलं वर ओढायला गजराबाई. "ओढायला माणूस दिलाय. आरिंदमला त्योबी नव्हता," बंडप्पा म्हणाला. शंभू हरला तर त्यानं शाळेचाही शोषखड्डा खणायचा. बंडप्पा हरला तर पुढच्या शुक्रवारी टीव्हीपुढं उभं राहून सगळ्यांदेखत म्हणायचं, आरिंदमनं भुयार खणलं.

मी त्याला बाजूला घेतलं. "अरे, तुला हे म्हणावं लागलं तर पुढं तुझा आकडा कोण मानंल?"

"म्हणावं लागणार न्हाय. सहा तासांत तीन फूट. वर एक इंच न्हाय."

मग तो जागा दाखवायला मागं गेला. रागात होता. पहार एकदाच आपटली आणि म्हणाला, "हितं."

एकदाच. मी पाहिलं, पण बोललो नाही. चाळीस वर्षांत त्याला जमिनीबद्दल मी कधी काही सांगितलं नव्हतं.

रविवारी सहाला शंभू उतरला. वरची जमीन दगडासारखी. तिथं वीस वर्षं जीपगाड्या उभ्या राहत होत्या. साडेआठला दीड फूट झालं होतं. शंभूचा बनियन पिळला असता तर वाटीभर घाम निघाला असता. बंडप्पा खुर्चीवर बसून चहा पीत होता.

"कंबर धरून उभा राहू नगं, शंभू. आरिंदमला पहाट व्हायच्या आत जायचं हाय."

"मामा, पाणी द्या आन गप बसा."

"फावडं गुडघ्यानं दाब. हातानं न्हाय. जीप हाय का ती, हातानं फिरवायला?"

नऊ वाजून गेल्यावर टोपली पटापट वर यायला लागली. आधी दहा मिनिटांत चार येत होती, आता दहा-बारा. शंभू खालून गाणं म्हणायला लागला. बंडप्पानं कप खाली ठेवला. खणण्याचा आवाज बदलला होता. मलाही तो कळला. कठीण जमिनीत फावडं खणखणतं. हे भाकरीच्या पिठात हात घातल्यासारखं जात होतं.

गजराबाईनं एक टोपलं रिकामं करता करता हात घातला. मूठभर माती चोळली, वास घेतला. मातीत राख होती, कुजका कडबा होता आणि रांजणाच्या खापराचा तुकडा होता.

"बंडप्पा, ह्ये पेव हाय," ती म्हणाली.

पेव म्हणजे जुन्या लोकांनी जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार. कधीतरी कुणीतरी ते भरून टाकलं होतं आणि वर गाड्या उभ्या राहिल्या होत्या. शंभू जमीन खणत नव्हता, भराव उपसत होता.

"गजराक्का, तू कुणाच्या बाजूची?" शिवलिंगप्पा ओरडला.

"आरिंदमच्या. पण डोस्क्यावर माती वाहिली म्या. भराव मला कळत न्हाय व्हय?"

"पेव असू द्या न्हायतर म्हशीचा गोठा असू द्या," खड्ड्यातून शंभूचा आवाज आला. "सहा फूट झालं की न्हाय?"

साडेअकराला बंडप्पानं मोजायची काठी खड्ड्यात सोडली. सहा फूट दोन इंच. त्यानं काठी पुन्हा सोडली. तेवढंच.

लोक म्हणाले, पैज मोडा, हे खरं खणणं नव्हे. शिवलिंगप्पाही तेच म्हणाला. त्याचा खड्डा झाला होता, आता त्याला न्यायाची आठवण झाली. बंडप्पानं मान हलवली.

"जागा म्या दावली. पहार तीनदा मारायची असती, एकदा मारली. आळस माझा. हरलो."

शंभूला वर ओढायला तीन माणसं लागली. त्याच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. चहाचा ग्लास त्याला टॉवेलात धरावा लागला.

मग शुक्रवारपर्यंत बंडप्पा हॉटेलाकडं फिरकला नाही. मला माहीत होतं, त्याला काय खातंय. शब्द मोडला तर तो लबाड. शब्द पाळला तर जमिनीबद्दल खोटं बोलला. दोन्हीकडून त्याचा आकडा जात होता. स्टँडवर एकानं विचारलंच, "काय मामा, शुक्रवारी गुप्तहेर खातं सांभाळणार म्हणं?"

शुक्रवारी हॉटेलात चाळीस माणसं होती. बाहेरून खुर्च्या आणल्या. बंडप्पा धुतलेलं धोतर नेसून आला आणि टीव्हीपुढं उभा राहिला.

"आधी त्यो भाग परत लावा. बघितल्याबिगर बोलणार न्हाय."

भुयाराचा प्रसंग लावला. बंडप्पा पडद्याला नाक लावून पाहू लागला. पाठीमागच्यांना काही दिसेना.

"मामा, तुमी काचेचे हाय का? बाजूला व्हा!"

"मागं घे. आजून. थांब." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. अरिंदम फावडं मारत होता आणि भुयाराच्या छतातून माती भुरुभुरु त्याच्या डोक्यावर पडत होती. बंडप्पानं ते तीनदा पाहिलं. मग वळला आणि मोठ्यानं बोलला.

"आरिंदमनं भुयार खणलं."

टाळ्या पडल्या. शंभूनं टाळी वाजवली आणि हात झटकत "आयोव" म्हणाला.

"बोलणं पुरं व्हायचं हाय," बंडप्पा म्हणाला. "भरावातलं खणलं. हितं बघा, बाजूला कुदळीचा एकबी घाव न्हाय. छत गळतंय. आस्सल जमीन आशी गळत न्हाय. हे भुयार आधी दुसऱ्या कुणी खणल्यालं हाय. ते अर्धं बुजलं, आन ह्यानं रातीत उकरलं. तेवढं व्हतंय. शंभूनं दावलं."



"ही पळवाट हाय," शिवलिंगप्पा म्हणाला.

"हात घालून माती बघितली की न्हाय म्या?" गजराबाई उसळली. "शब्दबी पाळला, खोटंबी बोलला न्हाय. सोडा आता. पण बंडप्पा, मग आधी खणलं कुणी?"

आणि त्यानंतर नवा भाग लावायचं कुणालाच सुचेना. शंभू म्हणाला, अरिंदमचा गुरू, दुसऱ्या सीझनात मेलेला; तो त्याच कोठडीत होता. शिवलिंगप्पा म्हणाला, गुरूचा एक हात निकामी होता, तो काय खणणार. खणलं असेल तर त्या म्हाताऱ्या जेलरनं. गजराबाई म्हणाली, एका माणसाचं काम नव्हेच, माती वाहायला कुणीतरी बाई असणार. जेलरला मुलगी होती का, यावर ती आणि शिवलिंगप्पा हमरीतुमरीवर आले.

"म्हातारा जेलर न्हाय," बंडप्पा पुढच्या बाकावर बसत म्हणाला. "त्याची पाठ बघितली का तुमी? त्या पाठीनं कंदी फावडं उचलल्यालं न्हाय. सरका तिकडं. लाव रं शंभू, पुढचा भाग. आन ज्याच्या त्याच्या पाठीवर ध्यान ठेवा."