दवाखान्यातली शेकाची बाज

माहा नवरा जंगलात लाकूडकटाईवर होता. झाड आंगावर पडून गेला. मले शाळा माहीत नाई, पन तालुक्याच्या दवाखान्यात काम भेटलं. झाडझूड कराची, पानी भराचं, बाळतिनीचे कपडे उकळाचे. तवा आपल्या जिल्ह्याले चांदाच म्हनत. सिंदेवाहीच्या अलीकडून पलीकडून, जंगलातल्या गावांतून बाया बैलबंडीत बसून येत.

येत म्हनजे अडली तवाच येत. मोकळी झाली का दुसऱ्या दिवशी बंडी जुंपून घरी. लोखंडी पलंगाखाली शेकाले इस्तू नाई, तिथी बाळतीन कशी ठेवाची? घरी बाजेखाली इंगोराची शेगडी अन् लेकराच्या बेंबीले राख, हेच सारे करत.

मंग नागपूरकडची एक नर्सबाई आली. बाजाराच्या दिवशी ती फाटकापाशी उभी राहे अन् येनाऱ्या-जानाऱ्याले विचारे, "तुमच्या गावची बाळतीन घरी गेली होती, तिचं लेकरू कसं आहे?" लोक सांगत, दूध ओढेना झालं, दातखिळी बसली, आंग लाकडासारखं झालं, गेलं. बाहेरचं लागलं म्हनत. बाई म्हने, "बाहेरचं नाई, राखेतलं लागलं. नाळ पडेपर्यंत इथी राहू द्या." कोन ऐकते.

माह्या लहान बहिनीचे दोन लेकरं असेच गेले होते. तिसऱ्या खेपेले कळा सुरू झाल्या तशी मी तिले दवाखान्यात आनाले लावली. पोरगा झाला. सकाळी तिची सासू बंडी घेऊन हजर.

"चाल वं, उठ. इथी थंडीनं आखडशीन."

नर्सबाई म्हने, "आजी, नाळ पडू द्या. मंग न्या."

"तुमाले किती झाले, बाई?"

"एकबी नाई."

"मंग तुमाले शेकाचं काय कळते?"

बहीन लेकराले पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी सासूले म्हटलं, "मावशी, दोन गेले. हा राहू द्या."

"ते माहे नातू नोहोते का? मी मारले का त्याईले?"

तिचा आवाज चिरकला.

बाई बाहेर गेली. थोड्या वेळानं मले हाक मारली. मागं जळतनाची टिनाची खोली होती, बाई ती रिकामी कराले लागली. डाक्तर म्हने, दवाखान्यात धूर चालनार नाई. बाई म्हने, "दवाखान्यात कुठी आहे साहेब, हे त मागं आहे." आमी दोघींनी फिनाईलनं जमीन घासली. चौकीदाराची सुतळीची बाज आनली, खाली शेगडी ठेवली. दार उघडंच ठेवलं.

"आजी, शेक तुमी द्या. बेंबी मातर माही. तिले राख नाई लावाची."

सासूनं बाज दाबून पाह्यली. ढिली आहे म्हने, अन् सोताच पायथ्याची दावन ओढून बाज ताठ कराले बसली. बंडीवाल्याले म्हने, "तू जाय वापस."

बाई रोज साबनानं हात धुऊन येई अन् उकळलेला कपडा बांधे. सासू म्हने, "एवढं धुनं-पुसनं त नवरदेवाचंबी नाई करत कोनी." बाईले हासू ये.

एक दिवस मी झाडत होती. पाह्यलं त सासूच्या चिमटीत राख. लेकरू उघडं होतं. मी झाडू धरून तशीच उभी राह्यली. बहीन माह्याकडे पाहे, सासूकडे पाहे.

"बेंबी ओली दिसते वं," सासू म्हने.

"बाईले बोलावू का?"

तिनं परत बेंबीकडे पाह्यलं. मंग चिमूट शेगडीत झटकली. "बोलाव."

बाईनं येऊन पाह्यलं, पुसलं, नवा कपडा बांधला. राखेचं मी काही सांगितलं नाई. सासूच म्हने, "मी लावत होती. नाई लावली."

"बरं केलं, आजी."

नाळ पडली तवा सासूनं ती फडक्यात बांधून कमरेले खोसली. मंग बहिनीले म्हने, "पाजून दाखव." पोरानं तोंड उघडलं, चुरूचुरू ओढाले लागला. सासू उकिडवी बसून पाहत राह्यली. पोरानं आपल्या मनानं थान सोडलं, तवा उठली अन् न्याले आलेल्या बंडीत धानाच्या तनसावर गोधडी आंथराले गेली.