खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

माझं तोंड फटकळ, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं. जुन्नरजवळच्या त्या कॉलेजात मी ऑफिस बघायची, आणि सर्व्हर बघायला महाळुंगे पडवळचा एक गडी होता. आधी विहिरींवरच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा, मग पुण्यात राहून लिनक्स शिकून आला. आम्ही सगळे त्याला भाऊच म्हणायचो.

खरं सांगते, असा कारागीर मी पुन्हा पाहिला नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मशीन जुनं, मेमरी तुटपुंजी आणि त्यावर लॅबचे तीस कॉम्प्युटर. प्रवेशाच्या दिवसांत नुसती गोगलगाय! नवा सर्व्हर मागा म्हणून मी ओरडले, तर भाऊ म्हणाला, “मॅडम, बैल थकला न्हाई, त्याच्यावर नको ते वझं हाय.” त्यानं सर्व्हरचा रंगीत पडदाच काढून टाकला, काळ्या स्क्रीनवर नुसती अक्षरं उरली. फाईल फक्त वाचली तरी ती कधी वाचली याची वेळ मशीन डिस्कवर लिहीत बसायचं, तेही बंद केलं. दुसऱ्या दिवशी तेच मशीन पळायला लागलं. मी तोंडात बोटं घातली.

त्या मशीनमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर लिहिलेलं दुसरीवरही उमटायचं. गणपतीत एक मेली. नवी पुण्याहून यायची होती. “तवर मशीन बंद करू नका,” भाऊनं मला बजावलं, “ही उरल्याली डिस्क कित्येक वरसं फिरती हाय. थांबली तर परत उठंल याचा भरवसा न्हाई.”

आणि आली खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी औत, मोटार, गिरणी, सगळ्यांना विश्रांती. चालत्या यंत्राची पूजा करायची नाही. भाऊ गावी गेलेला, नवी डिस्क अजून आली नव्हती, आणि त्याचं बजावणं मी मनावर घेतलं नाही. मी म्हटलं, वर्षातून एक दिवस या बिचाऱ्यालाही आराम नको का? रीतसर बंद केला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. प्रसाद वाटून बटण दाबलं. पंखा फिरला, डिस्क काही फिरेना.

त्याच आठवड्यात पार डोंगरातल्या आहुप्याच्या पोरींना समोर बसवून परीक्षेचे फॉर्म थेट मशीनवर भरून घेतले होते. भाऊनं शनिवारी सगळ्याची नक्कल काढलेल्या सीडीवर ते नव्हते. पोरी सुट्टीला घरी गेलेल्या, तिकडं फोन नाही, आणि फॉर्म परवा पाठवायचे. फॉर्म गेले तर पोरींचं वर्ष गेलं, आणि तेही माझ्या शहाणपणामुळं.

निरोप मिळाला तसा भाऊ दुपारी मोटरसायकलवर आला. मी शिव्या खायच्या तयारीत होते. त्यानं माळ काढून नीट बाजूला ठेवली, डिस्क बाहेर घेतली आणि दोन्ही तळव्यांत धरून ऊब देत बसला. “मोटार जाम झाली की पयला शाफ्टला झटका देत्यात,” एवढंच म्हणाला. मग वायर जोडून, डिस्क हातात धरूनच मनगटाला एकच हिसका दिला आणि मला म्हणाला, “दाबा बटण.” घर्रर्र आवाज झाला. डिस्क उठली! मी तिथंच रडायला लागले.

आधी पोरींचे फॉर्म माझ्या कॉम्प्युटरवर घेतले, मग बाकीचं. संध्याकाळपर्यंत त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. सगळं उतरवून झालं आणि डिस्क बंद पडली ती कायमची. प्राचार्यांनी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, “म्हातारी झालती, सर.” माझं नाव काही त्याच्या तोंडी आलं नाही. मीही, एरवी एवढी बोलकी, गप्प बसले.

हॉलतिकीट न्यायला आहुप्याची एक पोरगी आली. माझ्या टेबलावर नव्या तांदळाची पिशवी ठेवली. “मॅडम, तुमी फॉर्म येळेत धाडला. ह्ये वरीस गेलं असतं तर बा लगीन लावून देनार व्हता माझं.”

मला पुढं ऐकवेना. पिशवी तिच्या हातात परत दिली, तिला दंडाला धरून सर्व्हरच्या खोलीत नेलं आणि भाऊसमोर उभं केलं.

“हे यांना दे,” मी म्हटलं. “तुझा फॉर्म मी घालवला होता, बाई. यांनी परत आणला.”